जर्मनीतलं पहिलं घरभाडं: किती पाठवायचं, किती न्यायचं आणि भरायचं कसं

जर्मनीचा व्हिसा हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो तो रोख रकमेचा. किती युरो न्यायचे, कुठे लपवायचे, बॅगेत की पाकिटात, विमानतळावर कोणी धरणार तर नाही? मावशी सांगते भरपूर ने, आतेभाऊ सांगतो कार्ड आहे ना, मग कशाला. मुळात हिशेब दुसरीकडून सुरू करायला हवा. पोचल्यापासून पहिले सहा आठवडे कोणता पैसा कुठून येणार, हे आधी कागदावर मांडा. रोख किती लागेल ते त्यातून आपोआप निघतं आणि आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बराच लहान असतो.

हा लेख मुख्यतः विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. नोकरीवर जाणाऱ्यांचंही फारसं वेगळं नसतं. पहिला पगार महिना संपल्यावर येतो, घरमालक मात्र किल्ली देण्याआधी पैसे मागतो.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आहेत, पण ते तुमच्या हातात नाहीत

व्हिसासाठी जे खातं उघडावं लागतं त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२. पालकांना वाटतं, बारा लाखांच्या आसपास रक्कम आधीच तिकडे गेलीय, आता चिंता कसली! पण हे पैसे एकदम काढता येत नाहीत. दर महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही जर्मनीत पोचून चालू खातं उघडल्यावर, त्याचा नंबर कळवल्यावर. यात दोन-चार आठवडे सहज जातात.

आता खर्च बघा. स्टुटगार्टला शेअर फ्लॅटमधली एक खोली धरू. नुसतं भाडं ४५० युरो, आणि हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे सगळं धरून ५५०. पहिल्या आकड्याला तिकडे काल्टमीटे म्हणतात, दुसऱ्याला वार्ममीटे. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं. म्हणजे १,३५०. त्यात पहिल्या महिन्याचे ५५०. खोली मिळेपर्यंत होस्टेलवर दोन आठवडे काढावे लागले तर आणखी ५०० ते ६००. आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास, खाण्यापिण्याचे दोन-अडीचशे. बेरीज २,९०० च्या घरात जाते. शिवाय स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं तिथे सरकारी विद्यापीठांतही युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ एवढंच ऐकून निघालेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

म्युनिकला खोलीचं भाडंच सातशे-आठशे असतं. माग्डेबुर्ग किंवा केमनित्सला त्याच्या निम्म्यात भागतं. आकडे तुमच्या शहराचे घाला, रीत हीच. ब्लॉक्ड अकाउंट सोडून तीन ते साडेचार हजार युरो वेगळे लागणार हे गृहीत धरा. हे पैसे रोख न्यायचे नाहीत. कसे न्यायचे ते पुढे येतं.

भारतातून बाहेर: नियम काय म्हणतो

निवासी भारतीयाला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपल्या कामाला ही मर्यादा आड येत नाही. आड येतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ कापून घ्यायचा आयकर. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक टीसीएस कापते. आधी हीच मर्यादा ७ लाख होती. कलम ८०ई मध्ये बसणाऱ्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर २०२५ पासून टीसीएस अजिबात नाही.

युरोचा भाव हिशेबाला सोपा म्हणून १०० रुपये धरला, तरी ब्लॉक्ड अकाउंटनेच ११.९ लाख होतात. म्हणजे वडिलांच्या पॅनची मर्यादा तिथेच ओलांडली. डिपॉझिट आणि पहिलं भाडं आईच्या स्वतःच्या खात्यातून, तिच्या पॅनवर पाठवलं तर तिची १० लाखांची मर्यादा वेगळी मोजली जाते. यात लपवाछपवी काही नाही, मर्यादा माणशीच आहे. मात्र एकाच माणसाने दोन बँकांतून पाठवून मर्यादा दुप्पट होत नाही. मोजणी पॅनवर होते.

फॉर्म भरताना उद्देशाचा रकाना नीट बघा. मुलाचं भाडं म्हणून ‘फॅमिली मेंटेनन्स’वर खूण केली की ती रक्कम ‘इतर कारणे’ मध्ये जाते आणि मर्यादेच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस लागतो. शिक्षणासाठीचा दर त्याहून बराच कमी आहे. तो नेमका किती हे पाठवायच्या दिवशी बँकेतच विचारा, कारण अर्थसंकल्पात तो हलतो. आयकर खात्याने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय की शिक्षणासाठीच्या रकमेत तिकीट, फी आणि शिकताना लागणारा रोजचा खर्चही येतो. उद्देशाच्या कोडांपैकी एस०३०५ मध्ये फी आणि होस्टेल खर्च दोन्ही बसतात. काउंटरवरच्या माणसाला घाई असते, तो सवयीने दुसराच कोड टाकतो. फॉर्म ए२ वर, म्हणजे पैसे बाहेर पाठवायच्या बँकेच्या फॉर्मवर, सही करण्याआधी तो रकाना वाचा.

कापलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याला तो रिटर्नमध्ये मिळतो, आणि नोकरदार असाल तर कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो. म्हणून ज्याला रिटर्न भरायची सवय आहे त्याच्याच खात्यातून पाठवणं शहाणपणाचं. मुलाच्या नावावर पैसे टाकून त्याच्या खात्यातून पाठवले की त्याचा रिटर्न भरायचं काम पुढल्या जुलैत घरच्यांच्या गळ्यात येतं, आणि मुलगा तिकडे ओटीपीला उत्तर देत नाही.

रुपयांचे युरो होताना जीएसटीही लागतो, पण तो किरकोळ असतो. पाच लाखांवर करपात्र मूल्य ३,००० धरलं जातं आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ५४० रुपये. खरा पैसा जातो तो भावातल्या फरकात. बँकेने दिलेला भाव आणि त्या क्षणी बाजारात चालू असलेला भाव यांच्यातलं अंतर बघा. युरोमागे दीड रुपया जास्त लावला तर ४,५०० युरोवर पावणेसात हजार गेले. ‘शून्य शुल्क’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं तिथे हे अंतर हमखास तपासा. शाखेतल्या व्यवस्थापकाशी बोलून भाव थोडा कमी करून घेता येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विचारायला लाजू नका.

‘अवर’ की ‘शेअर’

स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पैसे पाठवताना मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार, हे विचारलं जातं. ‘अवर’ म्हणजे ते सगळं पाठवणारा भरतो. ‘शेअर’ निवडलं की वाटेतली बँक आपला वाटा कापून उरलेलं पुढे सरकवते. तुम्ही १,३५० पाठवले, मालकाच्या खात्यात १,३३० पोचले. जर्मन मालक अशा वेळी ‘असू दे’ म्हणत नाही. वीस युरो कमी आहेत अशी मेल येते, आणि डिपॉझिट पूर्ण नाही म्हणून किल्लीही लांबते. भाडं, डिपॉझिट आणि ब्लॉक्ड अकाउंट या तिन्हींसाठी ‘अवर’ निवडा. जास्तीचे पाचशे-हजार रुपये जाऊ द्यात.

पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्टची प्रत मागून घ्या. तिला एमटी१०३ म्हणतात. पैसे वाटेत अडकले तर कुठे अडकले हे त्यावरून शोधता येतं. संदेशाच्या जागी भाडेकरूचं पासपोर्टवरचं नाव, खोलीचा पत्ता आणि ‘काउत्सिओन’ किंवा ‘मीटे’ (भाडं) हा शब्द लिहा. पाठवणारे वडील, राहणारी मुलगी, आडनाव लग्नानंतरचं वेगळं, असा प्रकार असेल तर मालकाला पैसे कोणाचे हे समजतच नाही.

विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली असेल तर डिपॉझिट बऱ्याचदा भारतातूनच थेट पाठवावं लागतं. बँक करार मागेल, प्रवेशपत्र मागेल. ते पीडीएफमध्ये तयार ठेवा. पैसे पोचायला दोन ते पाच कामाचे दिवस लागतात. शुक्रवारी दुपारी पाठवून सोमवारी पोचल्याची अपेक्षा ठेवू नका.

रोख: किती, कोणत्या नोटा, कोणते कागद

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जर्मनीसारख्या देशात जाताना एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच परकीय नोटा नेता येतात. युरोत किती ते त्या दिवशीच्या भावावर ठरेल. बाकी सगळं कार्ड किंवा बँकेमार्फत. नोटा प्रवासाच्या आधी ६० दिवसांत, परवानाधारक मनी चेंजरकडून किंवा बँकेतून घ्यायच्या. ५०,००० रुपयांपर्यंतच रोख देऊन युरो घेता येतात, त्यावर चेक किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. खरेदीची पावती पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. विमानतळावर कोणी विचारलं तर हीच पावती उत्तर देते. भारतीय रुपये २५,००० पर्यंत बरोबर नेता येतात, पण तिकडे त्यांचा काही उपयोग नाही. परतीच्या दिवशी टॅक्सीला लागतील तेवढे पुरेत.

माझं मत विचाराल तर एकट्या विद्यार्थ्याला ५०० ते ८०० युरो रोख पुष्कळ झाले. १०, २० आणि ५० च्या नोटा घ्या. २०० ची नोट बेकरीत कोणी घेत नाही. ५०० ची नोट २०१९ पासून छापून बाहेर येत नाही. चलनात ती अजून आहे, पण ती बघून दुकानदार तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर पहिल्याच आठवड्यात नको. मनी चेंजर गोड बोलून मोठ्या नोटा गळ्यात मारायला बघतो. त्याला सुट्ट्या नोटा मोजायचा कंटाळा असतो, दुसरं काही नाही.

उरलेले युरो फॉरेक्स कार्डवर. ते युरोतच भरलेलं असू द्या. एटीएमवर ‘रुपयांत हिशेब करू का?’ असा पर्याय आला तर नको म्हणा, युरो निवडा. रुपयांचा तो भाव मशीनवाला स्वतः लावतो. आणि एक ध्यानात ठेवा, घरमालकाकडे कार्ड स्वाइप करायचं यंत्र नसतं. डिपॉझिट कार्डवर ठेवून गेलात तर ते दिवसाच्या मर्यादेत, एटीएममधून तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागेल.

रोख मालकाला द्यायची वेळ आलीच, तर सही केलेली पावती घेतल्याशिवाय नोटा हातातून सोडू नका. अशी पावती, म्हणजे क्विटुंग, मागणं हा जर्मन कायद्याने पैसे देणाऱ्याचा हक्क आहे, त्यात मालकाचा अपमान होत नाही. पावतीवर तारीख, रक्कम, कशासाठी, पत्ता आणि दोघांची नावं हवीत. पावती द्यायला जो कां-कूं करतो त्याची खोलीही घेऊ नका.

दहा हजारांची रेघ

युरोपीय संघात शिरताना किंवा तिथून बाहेर पडताना १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख जवळ असेल तर कस्टमला लेखी कळवावं लागतं. सध्याचा नियम ३ जून २०२१ पासून लागू आहे. बरोबर दहा हजार असले तरी कळवायचं. यावर कर नाही, शुल्क नाही, रक्कम काढूनही घेत नाहीत. पैसे कोणाचे, कुठून आले, कशासाठी चालले एवढं लिहून द्यायचं. विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने जायचं आणि फॉर्म द्यायचा. जर्मन कस्टमच्या संकेतस्थळावर तो आधीच भरता येतो. न कळवता सापडलात तर जर्मनीत दंडाची कमाल मर्यादा दहा लाख युरो आहे. सामान्य प्रवाशाला एवढा दंड होत नसतो, पण पैसे अडकवून ठेवतात आणि खुलासा करत बसावं लागतं.

भारतातून ३,००० डॉलरची मर्यादा असताना ही रेघ कोण ओलांडणार, असं वाटेल. दोन प्रकारचे लोक ओलांडतात. एक, दुबई-कुवेतहून थेट जाणारे. रत्नागिरी-चिपळूणकडची कितीतरी कुटुंबं आखातात आहेत आणि मुलगा तिथूनच जर्मनीला निघतो. त्यांना आपला रिझर्व्ह बँकेचा नियम लागत नाही, पण अमिरातीतून निघताना ६०,००० दिरहमच्या वर असेल तर तिकडे सांगावं लागतं आणि उतरल्यावर इकडे. दुसरे, सोन्याची नाणी नेणारे. युरोपीय नियमात ‘रोख’ म्हणजे फक्त नोटा नव्हेत. ९० टक्के किंवा जास्त सोनं असलेली नाणी आणि ९९.५ टक्के शुद्ध सोन्याच्या विटा-लगडीही त्यात मोजतात. आजीने ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून दिलेली चोवीस कॅरेटची नाणी आणि खिशातले युरो मिळून दहा हजार झाले की कळवणं आलं. सोन्याचे भाव बघता त्याला फार नाणी लागत नाहीत.

युरोपात मर्यादा माणशी मोजतात. अमेरिकेत एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, त्यामुळे न्यू जर्सीच्या काकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका. दहा हजारांच्या आत असलात म्हणजे कोणी विचारणारच नाही असंही नाही. संशय आला तर कस्टमला कमी रकमेबद्दलही चौकशी करता येते. दुसऱ्याने दिलेलं बंद पाकीट तर नेऊच नका. ‘आमच्या बंटीला द्या, थोडेच आहेत’ म्हणणारे शेजारी कितीही जुने असोत, विमानतळावर ते पाकीट तुमचं असतं.

पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅमला विमान बदलणार असाल तर संघात पाऊल तिथे पडतं. कळवायचं तेही तिथेच, म्युनिकला पोचल्यावर नाही.

‘तू मला युरो दे, माझे बाबा तुझ्या घरी रुपये देतील’

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही देवाणघेवाण सर्रास चालते. एकाला पार्ट-टाइमचे हजार युरो घरी पाठवायचेत, दुसऱ्याला डिपॉझिटसाठी हजार युरो हवेत. इकडे कोथरूडमधून वारज्यात एक लाख रुपये यूपीआयने गेले, तिकडे आखेनमध्ये हजार युरो हातात आले. शुल्क नाही, टीसीएस नाही, पाच मिनिटांत काम. यात चूक काय, असं दोन्ही घरच्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

चूक अशी की हा हवालाच आहे, फक्त ओळखीतला. भारतातला माणूस परदेशातल्या माणसाच्या वतीने किंवा त्याच्या बदल्यात इथे रुपये देतो, तो व्यवहार फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, अधिकृत बँकेशिवाय चालत नाही. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. हजार युरोसाठी ईडी दारात येईल असं मी म्हणत नाही. त्रास होतो तो वेगळ्याच बाजूने. समोरच्याचे युरो कुठून आले हे तुम्हाला माहीत नसतं. त्याचं खातं फसवणुकीच्या पैशांसाठी वापरलं गेलं असेल तर पोलीस त्या साखळीत तुमच्यापर्यंत येतात आणि तुमचं जर्मन खातं गोठतं. पहिल्याच महिन्यात खातं गोठलं की भाडं गेलं नाही, विमा गेला नाही, आणि व्हिसा वाढवताना खात्याचे कागद दाखवायची पंचाईत.

ओळखीच्या सिनियरने सुरुवातीला तुमच्या वतीने मालकाला पैसे द्यायचे आणि तुम्ही जर्मन खातं उघडल्यावर त्याला तिकडेच परत करायचे, हे वेगळं. ते साधं उसनं झालं. मेसेजमध्ये लिहून ठेवा आणि परत करताना बँकेतूनच करा.

खोली बघण्याआधी पैसे मागणारा मालक

ही फसवणूक इतकी ठरावीक झाली आहे की वाचताच ओळखू यावी. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूपेक्षा शे-दोनशे कमी. मालक सध्या लंडनला किंवा एखाद्या जहाजावर असतो, म्हणून खोली दाखवू शकत नाही. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, आवडलं नाही तर पैसे परत. सोबत कोणाचा तरी पासपोर्ट पुरावा म्हणून जोडलेला. तो पासपोर्ट बहुधा आधी फसलेल्या भाडेकरूचा असतो, म्हणून आपल्या पासपोर्टची प्रत पहिल्याच मेलमध्ये कोणाला देऊ नका.

करार झाल्याशिवाय आणि स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने खोली पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. शहरात कोणी ओळखीचं नसेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा, विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थी गटात विचारा. वीस मिनिटांसाठी जाऊन व्हिडिओ कॉलवर खोली दाखवणारा सिनियर बहुतेक शहरांत सापडतो. दलालाचे पैसे भाडेकरूकडून मागितले जात असतील तर लक्षात ठेवा, १ जून २०१५ पासून ज्याने दलाल लावला त्यानेच त्याचं शुल्क द्यायचं. ते बहुतेक वेळा मालकाकडे जातं.

खात्याचा नंबर बघा. जर्मन आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, डीई ने सुरू होतो आणि त्यात एकूण २२ अक्षरं-आकडे असतात. मालक स्टुटगार्टचा आणि खातं स्पेनचं, असं असलं म्हणजे चोर असेलच असं नाही, पण प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं आहे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे सोडण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे तपासून दाखवावं लागतं. ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला तर तिथेच थांबा. भारतातून स्विफ्टने पाठवताना ही तपासणी मिळत नाही. शक्य असेल तर डिपॉझिट स्वतःचं जर्मन खातं उघडल्यावर तिथूनच भरण्याचं हे एक चांगलं कारण.

पोचल्यावरचा क्रम

घर मिळालं की दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी मालकाचं एक पानी प्रमाणपत्र लागतं, ते करारासोबतच मागून घ्या. नोंदणी झाली की बँकेचं काम सोपं होतं. काही ऑनलाइन बँका नोंदणीआधीही खातं उघडतात. जिथे अडेल तिथे मूलभूत खात्याचा हक्क सांगता येतो. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही २०१६ पासून तो आहे. नोंदणीसाठी नुसता पत्ता विकणारेही भेटतील. जिथे राहत नाही तिथली नोंदणी जर्मनीत नियमभंग ठरते आणि दंड होऊ शकतो, तिकडे वळू नका.

खातं सुरू झाल्यावर भाड्यासाठी डाउअरआउफट्राग लावा, म्हणजे दर महिन्याला आपोआप जाणारा आदेश. भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचं असतं आणि शनिवार त्यात मोजत नाहीत. एक तारीख शनिवारी आली तर तिसरा कामाचा दिवस बुधवारी, पाच तारखेला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलंय की खात्यात शिल्लक असताना त्या दिवसापर्यंत बँकेला आदेश दिला तरी पुरे. तरी नव्या माणसाने मालकाशी कायद्याच्या भाषेत बोलू नये. एक तारखेचा आदेश लावा आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम खात्यात पडून राहू द्या. ब्लॉक्ड अकाउंटचे ९९२ कधी एकला येतात, कधी तीनला. ही शिल्लक नसेल तर आदेश रिकाम्या खात्यावर आदळून परत येतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं तर मालकाला तत्काळ घर सोडायला सांगता येतं, हेही माहीत असू द्या.

डिपॉझिटबद्दल कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देता येते, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजावर ठेवायची. विद्यार्थी वसतिगृहांना फक्त व्याजाची सक्ती नाही. आता व्यवहार. म्युनिकमध्ये एका खोलीमागे पन्नास अर्ज असताना ‘मी हप्त्यांत देईन’ म्हणणाऱ्याला खोली मिळेल का? अवघड आहे. माझा सल्ला, करारावर सही होईपर्यंत हा विषय काढू नका. सही झाली आणि हातात पैसे कमी असले तर नम्रपणे हप्ते मागा. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी तो हक्क राहतो. पूर्ण देता येत असेल तर देऊन टाका आणि संबंध चांगले ठेवा.

किल्ली घेताना खोलीचे फोटो, मीटरचे आकडे, भिंतीवरचे ओरखडे, खिडकीची कडी, सगळं युबरगाबेप्रोटोकोल नावाच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिटातून कापाकापी होते ती नेमकी याच कागदाच्या अभावी.

परत निघताना

नोटीस साधारण तीन महिन्यांची, लेखी, सहीची. नुसता ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. घर सोडल्याबरोबर डिपॉझिट मिळेल असं समजू नका. मालक हिशेबाला काही महिने घेतो, सहा महिनेही लागतात. शिवाय हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशेब बाकी असेल तर त्यासाठी थोडी रक्कम अडकवून ठेवतो. तो हिशेब वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांत यायला हवा. उशिरा आला तर मालकाला जास्तीचे पैसे सहसा मागता येत नाहीत.

म्हणून भारतात परतायचं ठरलं तरी जर्मन खातं लगेच बंद करू नका. विमानात बसायच्या आदल्या दिवशी खातं बंद करणारे पुष्कळ असतात, आणि मग मालक भारतात स्विफ्ट करायला तयार होत नाही. डिपॉझिट येईपर्यंत खातं चालू ठेवा, पत्रव्यवहारासाठी तिथल्याच कोणाचा तरी पत्ता द्या.

साठलेले पैसे बँकेतूनच भारतात पाठवा. रोख आणायचीच असेल तर जर्मनीतून निघताना दहा हजार युरोंचा नियम पुन्हा लागतो. भारतात परकीय चलन आणायला मर्यादा नाही. मात्र नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील, तर उतरल्यावर कस्टमकडे करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. ते युरो बँकेत भरताना किंवा बदलताना ती विचारतात. कायमचे परतलात, की जवळ उरलेल्या नोटा १८० दिवसांत बँकेला विकायच्या. २,००० डॉलरच्या मोलापर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात, नाण्यांना बंधन नाही.